आतडधुवे

सकाळी अकरा वाजता दोन माणसं शिडी घेऊन आली आणि कारखान्याच्या दारावरची पाटी उतरवून घेऊन गेली. पाटीवर एकच शब्द होता: आतडधुवे.

थोरला भाऊ तेव्हा आत, कोपरापर्यंत हात टबात घालून उभा होता. खडखडाट ऐकून तो बाहेर आला तोवर शिडी टेम्पोत चढली होती. टेम्पोवाल्याने त्याला एक नोटीस द्यायला हात पुढे केला, त्याच्या हातांकडे पाहिलं आणि कागद उंबऱ्यावर ठेवून दिला. मग बोटं पँटला पुसली. त्याने कशालाही हात लावलेला नव्हता.

नोटिशीत लिहिलं होतं की ‘आतडधुवे’ हे नाव धंद्यासाठी वापरण्याचा हक्क एका औषध कंपनीने मागितला आहे, तरी इतरांनी ते वापरणं बंद करावं. पाटी काढून न्यायला कोणाचाच हुकूम नव्हता, हे नंतर कळलं. कंपनीचा मालक म्हणजे थोरल्याचा सख्खा धाकटा भाऊ.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली, फरशीला मधोमध पन्हळ. कत्तलखान्यातून निळ्या पिंपांत आतडी येतात, अजून कोमट असतात. आधी आतला मळ पिळून काढायचा. मग पायमोजा उलटवावा तशी नळी उलटवायची, बोथट पट्टीने आतला बुळबुळीत थर खरवडायचा, धुवायची, मिठात घालायची आणि जुड्या बांधायच्या. जाड आतडी, त्यांत मांस भरून विकणारे कारखाने नेतात. बारीक आतडी पिळून तारा करतात, त्या वाद्यांना लागतात. वास केसांत बसतो आणि उशीला लागतो. थोरल्याची बायको, म्हणजे वहिनी, लग्न होऊन आली तेव्हा पहिले काही दिवस तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं, हे ती स्वतःच हसत सांगते.

आडनावाचा इतिहासही लांबलचक नाही. पणजोबांना आडनावच नव्हतं. लोकांची नोंद करायला आलेल्या कारकुनाने विचारलं, “काय करतोस?” त्यांनी सांगितलं. कारकुनाने नाक दाबून तेच लिहिलं.

शाळेत पोरं दोघा भावांना पाहून नाक धरायची. थोरला मारामारी करायचा, धाकटा पुन्हा जाऊन अंघोळ करायचा. कळता झाल्यावर धाकट्याने कायदेशीर अर्ज करून आडनाव बदललं आणि एका फुलाचं घेतलं. त्या दिवसापासून वहिनी त्याला ‘अत्तर’ म्हणते. सासरी त्याने सांगितलं होतं की दादा वाद्यांच्या धंद्यात आहे. ते अगदीच खोटं नव्हतं.

आता त्याने पोट साफ करणारं चूर्ण काढलं होतं. फुलाच्या नावाने ते विकलं जाईना. बाजारात पिढीजात नाव चालतं, असं त्याला कोणीतरी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः आला. बरोबर वकील आणि एक नामतज्ज्ञ. नामतज्ज्ञाचं बाजारात ऑफिस आहे. तिथे आडनावाचा उगम छापून, सोनेरी चौकटीत घालून मिळतो.

आई कोपऱ्यात पाटावर बसून जुड्या बांधत होती. धाकट्याने दारातूनच हाक मारली.

“आई, कशी आहेस?”

“आत ये की, बाळ. उन्हात का उभा?”

तो आत आला. रुमाल नाकाला होता. “दादा, पाटीचं तू मनावर घेऊ नकोस. पोरांनी घाई केली.”

“पोरांनी?” थोरला म्हणाला. “माझ्या दारावर चढले ते माझ्याच बापाचं नाव न्यायला. त्यांना तरी काय माहीत, ते तुझंच टाकलेलं आहे म्हणून.”

“आपल्या घराण्याचं नाव घरोघर जाईल, दादा.”

“आपल्या? तू कुठल्या घराण्याचा, भावोजी?” वहिनी मीठ चाळता चाळता म्हणाली. “फुलांच्या ना?”

वकील खाकरला. “साहेब, नावाचा अर्थच वेगळा आहे. आमच्या तज्ज्ञांनी अभ्यास केलाय.”

नामतज्ज्ञाने पिशवीतून चौकट काढली. मूळ शब्द ‘अंतर’, तो म्हणाला. अंतर म्हणजे मन. आतडधुवे म्हणजे लोकांची मनं धुणारे, अर्थात वैद्य आणि साधुपुरुष. चौकटीत एक दाढीवाला पुरुष कमंडलू घेऊन बसला होता. त्याची नखं स्वच्छ होती.

थोरल्याने टबातून एक लांब नळी उचलली आणि नामतज्ज्ञासमोर धरली. “हे मन का?”

“तुम्ही रागावू नका,” नामतज्ज्ञ दोन पावलं मागे सरकून म्हणाला. “जगभर हेच आहे हो. कोणाचं आडनाव गावावरून, कोणाचं बापावरून, कोणाचं धंद्यावरून. वाकड्या नाकाच्या आजोबाला लोकांनी वाकडनाक्या म्हटलं की खापरपणतूही तेच सांगत फिरतो, स्वतःचं नाक सरळ असलं तरी. माझ्याकडे शेण उचलणाऱ्यांचे वंशज येतात, प्रेतं वाहणाऱ्यांचे येतात. खरं सांगितलं की गिऱ्हाईक उठून जातं. म्हणून मी सगळ्यांना सरदार करतो नाहीतर वैद्य.”

हे सांगताना त्याला लाज वाटत नव्हती. उलट, उत्तम कारागिराने आपली युक्ती सांगावी तसा तो सांगत होता.

धाकट्याने खिशातून फोन काढला. “आई, एक फोटो. इकडे बघ. हात खाली घे, दिसतात ते.”

आईने हात पदराखाली घेतले. कित्येक वर्षं मिठात राहून तिची बोटं पांढुरकी पडली आहेत, नखांच्या कडा उकलल्या आहेत.

आई हसली, फोटो निघाला, तेवढ्यात वहिनीने नवीन पिंपाचं झाकण उघडलं. मुद्दाम उघडलं की काम होतं म्हणून, हे तिने अजून सांगितलेलं नाही. धाकटा फोन टाकून बाहेर धावला आणि गटारावर वाकला. वकील त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

थोरला दाराशी येऊन उभा राहिला. “बघ,” तो म्हणाला, “स्वतःचं आडनाव ओकलास.”

आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेली आणि धाकट्याचं तोंड धुतलं. “आतडं तुटतं रे तुला असं बघून,” ती म्हणाली. नामतज्ज्ञाने लगेच वही काढून ते वाक्य टिपून घेतलं.

थोरल्याने हरकत नोंदवली. नोंदणी कार्यालयातल्या अधिकारीण बाईंनी दोघांचं ऐकून घेतलं. हे नाव एका चालू धंद्याचं असेल तर ते थोरल्याला वापरता आलं पाहिजे, आणि जुन्या वैद्यकीचं असेल तर धाकट्याचा दावा टिकेल. त्या म्हणाल्या, “घरातलं सगळ्यात वयस्क माणूस काय सांगतं ते ऐकू.”

आईला कार्यालयात बोलावलं होतं त्याच्या आदल्या संध्याकाळी थोरला तिच्याजवळ बसला. “काय सांगशील?”

“जे आहे ते.”

“काय आहे?”

आई जुडीची गाठ आवळत राहिली. “मला हे नाव देताना कोणी विचारलं होतं का? माहेरचं काय होतं, त्याचा अर्थ काय, ते कोणी विचारलं? लग्न झालं, हात टबात घातले. आता दोघं माझ्या तोंडाकडे बघताय.”

“आई, तो ह्या नावावर थुंकून गेला होता.”

“माहीत आहे मला. पण तो पण माझ्याच पोटचा आहे ना रे.”

सकाळी धाकट्याची गाडी आली. त्याने आईसाठी नवी साडी आणि सुवासिक साबण आणला होता. तिने साबणाने हात धुतले, हुंगले, परत धुतले. गाडीच्या काचा सबंध रस्ताभर उघड्या होत्या. कार्यालयात अधिकारीण बाईंनी दोन्ही मुलांना बाहेर बसवलं. दोघं एकाच बाकाच्या दोन टोकांना बसले. आई बाहेर आली तेव्हा दोघंही उठले. ती म्हणाली, “भूक लागली,” आणि गाडीकडे चालू लागली. घरी येऊन साडी बदलली आणि पाटावर बसून जुड्या बांधायला घेतल्या.

पाटीच्या जागी भिंतीवर फिका चौकोन राहिला होता. थोरल्याने त्यात काळ्या रंगाने नवी ओळ लिहिली: इथे आतडी धुतात. नाव नाही, नुसतं काम. त्या ओळीवरही वकिलाची नोटीस आली आहे. शब्द फार जवळचे आहेत, असं तिच्यात म्हटलं आहे.

आईने आत काय सांगितलं ते ती दोघांपैकी कोणालाही सांगत नाही. कार्यालयाचा निर्णय अजून आलेला नाही. निर्णयाची वाट न पाहता चूर्णाच्या बाटल्या कालपासून दुकानांत लागल्या. बाटलीवर मोठ्या अक्षरांत आडनाव आहे, खाली ‘मनं धुणाऱ्यांची परंपरा’ असं छापलं आहे आणि मधोमध आईचा हसरा फोटो आहे. फोटोत तिचे हात नाहीत.