वरून पुसलेली फटफटी

मी एक जुनी फटफटी आहे, मित्रांनो. जुनी म्हणा, चालेल. भंगार म्हणाल तर गाठ माझ्याशी आहे. रंग उडाला असेल, पण एके काळी मी गल्लीच्या तोंडाशी आले की आवाजावरून घरात चहाचं आधण चढायचं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. स्वतःचा जन्म कोणाला आठवतो? मला आठवतं ते हे घर. मालक लेथवर कामाला होते आणि मालकीण कपडे शिवायची. माझी जागा बाहेरच्या खोलीत, शिवणयंत्राच्या शेजारी. पाहुण्यांनी नाक मुरडलं की मालकीण म्हणायची, "ती घरातली आहे. तुम्ही संध्याकाळी जाणार."

इंजिन आणि त्याचं कव्हर यांच्यामध्ये कागदाची एक पट्टी असते. कोणी तिला गॅस्केट म्हणतं, आमच्या घरात पॅकिंग. ती दिसत नाही, तिचं कौतुक कोणी करत नाही, पण ती फाटली की ऑइल ठिबकू लागतं. आमच्याकडे पॅकिंग विकत आणायची पद्धत नव्हती. मालक खाली पसरट भांडं ठेवून ऑइल काढायचे, कव्हर उघडायचे आणि चिकटून बसलेलं जुनं पॅकिंग बोथट पात्याने खरवडत राहायचे. तोवर मालकीण ते कव्हर जाड कागदावर ठेवून खडूने आखायची आणि सदऱ्याची कॉलर कापावी तसं नवं पॅकिंग कापायची. बोल्टची भोकंसुद्धा जिथल्या तिथे.

"हिच्या तोंडाला पॅकिंग बसत नाही," मालक म्हणायचे, "पण हिने कापलेलं गाडीला कसं चपखल बसतं!"

"तुम्ही खरवडा नीट. खाली जुना मळ राहिला की वरचं कितीही चांगलं असू दे, धरत नाही. तुमच्या बहिणीचं आणि माझं काय उगाच जमत नाही?"

मालक हसायचे. मीही हसायचे, माझ्या परीने. त्यांचा एकुलता मुलगा हे बघतच मोठा झाला. माझ्या टाकीवर बसून शाळेत जाताना तो पेंगायचा, तेव्हा मालक वळणंसुद्धा हळू घ्यायचे.

मग मालक गेले. मी भिंतीला टेकून उभी राहिले. पोटाखाली ऑइलचा डाग पडू लागला. मुलाने त्यावर वर्तमानपत्र अंथरलं, एवढीच माझी सेवा.

मालकिणीच्या बहिणीची मुलगी नर्स झाली. घरोघर जाऊन आजारी माणसांच्या जखमा बांधायचं काम तिला मिळालं. गावाबाहेरच्या चढावरही घरं होती. मालकीण म्हणाली, "फटफटी तू घेऊन जा."

भाचीने वाकून डाग बघितला. "मावशी, ही गळते ना गं?"

"वय झालं की माणूसही गळतं. पॅकिंग बदलून देते. नंतर खाली एक थेंब दिसला तर माझं नाव बदल."

त्याच दुपारी तिने पॅकिंग कापलं. डोळे अधू झाले होते, तरी कात्री हलली नाही. ते मुलाच्या हातात देऊन म्हणाली, "बाबा करायचे तसं कर," आणि शिवलेले कपडे पोचवायला गेली.

त्याने कव्हर उघडलं. माझं मन भरून आलं, मित्रांनो. किती दिवसांनी कोणीतरी मला उघडून बघत होतं! त्याने पातं दोनदा फिरवलं आणि टाकून दिलं. "परक्या घरी तर जायची आहे. एवढं कोण मरतंय!" मग जुन्या पॅकिंगवरच ट्यूबमधला काळा डिंक बोटभर जाड थापला, कव्हर दाबलं, बोल्ट आवळले, ऑइल ओतलं आणि मला पुसून चकचकीत केलं. आईने कापलेलं पॅकिंग त्याने चार घड्या करून शिवणयंत्राच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवलं. मी सगळं बघितलं. मला तोंड असतं तर!

मालकीण आली. तिने माझ्या पोटावरून बोट फिरवलं. कोरडं. मग शिवायला बसली तर यंत्र डुगडुगेना.

"अगं बाई, हेही केलंस? बापावर गेलास रे!"

आणि तो हसला, मित्रांनो. नुसता हसला.

भाची मला घेऊन गेली. बाहेरून मी नव्या नवरीसारखी दिसत होते. आत त्या डिंकाचा एक गोळा सुटला आणि ऑइलच्या वाटेत जाऊन बसला. ऑइल पुढे जाईना. मी आतून भाजत होते आणि बाहेर एक थेंब नव्हता. चढ संपून उतार लागला तेव्हा माझं इंजिन जागच्या जागी जाम झालं, मागचं चाक अडकलं आणि ती पोर रस्त्यावर घसरत गेली.

तिच्या गुडघ्याला टाके पडले. टेम्पोतून मला परत आणलं तेव्हा ती लंगडत सोबत आली.

"मावशी, तुला माहीत होतं का गं?"

मालकिणीला असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. तिने पाना उचलला आणि कव्हर स्वतः उघडलं. ते निघता निघेना. आत काळा लगदा.

"माझं पॅकिंग कुठाय?" तिने मुलाला विचारलं.

त्याची नजर यंत्राच्या पायाकडे गेली. मालकीण गुडघे धरून खाली बसली आणि तिने तो चौघडी कागद ओढून काढला. यंत्र डुगडुगलं.

"आई, मला वाटलं चालून जाईल."

"चालून गेलंच की. हिच्या गुडघ्यावरून." मग ती भाचीकडे वळली. "मला माहीत नव्हतं. पण शब्द माझा होता."

भाचीने किल्ली यंत्रावर ठेवली. आता ती चढावरच्या घरांना आमच्या गल्लीतून पायी जाते. एक पाय ओढत चालल्याचा आवाज मला ओळखू येतो.

मला फसवलं याचं एवढं नाही, मित्रांनो. माझ्याकडून तिला फसवलं, हे मला सोसत नाही. तेव्हा तुमच्या घरात कोणी गळत असेल, यंत्र असो की माणूस, तर त्याला नुसतं वरून पुसू नका. उघडा, जुनं खरवडा, मग काय ते नवं बसवा. तेवढी सवड नसेल तर गळू द्या. डाग निदान खोटं बोलत नाही.

शिवणयंत्र अजून डुगडुगतं. त्याच्या पायाखाली मालकीण कोणाला काही घालू देत नाही.