मागून नेलेला सर्व्हर

चाचणी यशस्वी झाली तर योगराजच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या: कायम नोकरी, मुर्री गावात स्वतःची खोली आणि 'कंत्राटी जावई' म्हणून हिणवणाऱ्या सासऱ्याचं तोंड बंद. तिसरीचं मोल तो सगळ्यांत जास्त धरायचा.

तिरोडा रस्त्यावरच्या त्या धान खरेदी संस्थेत अकराशे शेतकऱ्यांच्या नोंदी एकाच जुन्या सर्व्हरवर होत्या. योगराजने वर्षभर मागे लागून दुसरा घ्यायला लावला. पहिल्यावरची प्रत्येक नोंद दुसऱ्यावर आपोआप उतरायची. पहिला कोसळला की दुसऱ्याने पाच मिनिटांत काम उचलायचं. आज अकराला तपासणीच्या मॅडम पहिला बंद करून तेच बघणार होत्या.

पावणेअकराला योगराजने दुसरा उघडला. कोरा.

"काकाजी, या मशीनले कोनं हात लावला?"

अध्यक्ष लखनलाल तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होते. "बसून खाऊन राहिला होता ना गा! आपला बैल बसला असंल तं शेजाऱ्याले देत नाई का? तू सुट्टीवर होता तवा व्हिडिओवाल्या विक्कीले देला चार रोज, साक्षगंधाचा व्हिडिओ बनवाले."

"अन् आतलं सगळं?"

"मागून नेलेला बैल धुवून परत करा लागते. पोट्टा इमानदार हाये, साफ करून आनला."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"बैल देतानी गोठेवाल्याले कोनी विचारते का?"

बाहेर गाडी थांबली. लखनलाल कानाशी आले. "पडद्याचं वायर काढ फक्त, म्हंजे कोरा हाये ते दिसनारच नाई. बाईले का समजते?"

योगराजचा हात वायरीपर्यंत गेलाही. पण मॅडम आल्या त्या थेट पहिल्या सर्व्हरपाशी. "मीच बंद करते." बोट बटनावर.

हा जुना एकदा विझला की तिसऱ्या खेपेला उठायचा. कधी तिसऱ्यालाही नाही. दाराबाहेर पोत्यांवर बसलेली माणसं टोकनची वाट पाहत होती. योगराजने वायर सोडली आणि बटनाआड तळहात धरला.

"नका, मॅडम. दुसरा कोरा आहे. हा उठला नाही तर बाहेरच्या एकाचंही नाव राहणार नाही."

"जबाबदारी कोणाची?"

लखनलाल खिडकीतून ट्रॅक्टर मोजू लागले.

"कागदावर माझं नाव आहे," योगराज म्हणाला.

मॅडमनी शेरा लिहिला: नापास. योगराजने तिथेच बसून नोंदी पुन्हा दुसऱ्यावर उतरवायला घेतल्या.

विक्कीला व्हिडिओचे पैसे मिळाले. लखनलालांची खुर्ची शाबूत राहिली. अकराशे नावं वाचली, आणि ती बुडणार होती हे त्या शेतकऱ्यांपैकी एकालाही कळलं नाही. किंमत मोजली एकट्या योगराजने: आणखी एक वर्ष, कंत्राटावर.