पोटरीइतका समुद्र

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी भाऊजींनी भिंतीवरची पाण्याची रेघ रंगवून टाकली. मोजणीवाली मेहुणी पट्टी घेऊन दारात पोचली, तेव्हा ब्रशमधून रंग अजून ठिबकत होता.

दोन वर्षांपूर्वी समुद्र या गल्लीत शिरला, तेव्हाची ती रेघ. गढूळ, तपकिरी, खिडकीच्या चौकटीला भिडलेली. किनाऱ्यावरच्या पुराच्या धोक्याचा नकाशा कार्यालयाने नव्याने करायला घेतला होता. घराघरांतल्या अशा रेघांची उंची मोजायची, त्यावरून गल्लीचा रंग ठरायचा. लाल म्हणजे तळमजल्यावर राहू नका. पिवळा म्हणजे धोका कमी.

"दोन वर्षं सुचलं नाही, नेमका आज रंग काढलात?" तिने विचारलं.

"भिंत घाण दिसत होती," भाऊजी म्हणाले. "पुरानंतर वर मजला चढवलाय, तिथे आम्ही जातोय; शनिवारी खाली भाडेकरू यायचेत. नर्स आहे. तिची आई अंथरुणातच असते, म्हणून तळमजलाच हवाय त्यांना. तू बस ना, चहा घे."

उपकार केल्यासारखं त्यांनी हे सांगितलं. ती बसली नाही. मागे वळून तिने गल्ली पाहिली. अकरा घरं, आणि अकराही घरांच्या भिंती त्याच सायीच्या रंगाच्या. सगळ्यांनी मिळून एकच मोठा डबा आणला होता. एरवी कचऱ्याच्या टोपलीवरून भांडणारी माणसं! ओल्या भिंतींवर घाईने फासलेल्या रंगाचा आंबूस वास नाकात बसत होता.

रेघ नसेल तर रहिवाशांचे जबाब घ्यायचे, असा नियम होता. तिने घेतले. पहिल्या घरी पाणी गुडघ्याइतकं होतं. तिसऱ्या घरी घोट्याइतकं. कोपऱ्यावरच्या निवृत्त मास्तरांनी तर हातच झटकले.

"पाणी कसलं? जराशी ओल आली होती."

"मास्तर, तुम्ही कपाटावर चढून बसला होतात. मीच उतरवलं तुम्हाला."

"वय झालं, बाई. माणूस कुठेही बसतो."

सगळ्यांनी खाली सह्या केल्या, ठसठशीत. सही करताना एकाचाही हात अडखळला नाही.

ती बहिणीच्या घरी परतली आणि खिशातल्या पातीने भिंतीवरचा ओला रंग खरवडला. खाली रेघ होती तशीच होती. जमिनीपासून एक मीटर त्रेचाळीस. तिने आकडा लिहिला.

"आपलीच माणसं अशी," भाऊजी भिंतीला उद्देशून म्हणाले.

ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काय गरज होती तुला?"

"ताई, तुझ्या सासूबाईंना टेबलावर ठेवून आपण दोघी पाच तास छातीभर पाण्यात उभ्या होतो."

ताईने नवऱ्याकडे बघितलं आणि कोरडे हात पुन्हा पदराला पुसले.

कार्यालयात साहेबांनी दहा जबाब वाचले, मग अकराव्या कागदावर थांबले. "हे घर कुणाचं?"

"माझ्या सख्ख्या बहिणीचं."

"नात्यातल्या घराची मोजणी करायची नसते. हे मी शिकवू तुम्हाला? आधी कळवायचं होतं."

तिने कळवलं नव्हतं. एका फेरीत गल्ली उरकून टाकू, असा विचार केला होता. चूक तिचीच. साहेबांनी तिच्यादेखत तो आकडा खोडला, दोनदा, कागद फाटेस्तोवर. एका मोजणीसाठी गल्लीत दुसरा माणूस पाठवायला त्यांच्याकडे वेळ नव्हता.

"उरलेले दहा. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. सरासरी काढा."

घोटा आणि गुडघा यांची सरासरी पोटरी येते. नकाशात समुद्राला पोटरीपर्यंत यायची परवानगी मिळाली. साहेबांनी बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून कपात पडलं, ते बोटाने काढून त्यांनी खाल्लं. ती बघत राहिली. तिला साहेबांची शिसारी आली, आणि सरासरी काढत असलेल्या स्वतःच्या हाताची त्याहून जास्त.

सोमवारी अकरा वाजता नकाशा जाहीर झाला. गल्ली पिवळी. संध्याकाळी ती नर्सला भेटायला गेली. खोलीत सामान लागलेलं होतं. खरवडलेल्या जागी पुन्हा रंगवलेल्या भिंतीला लागून, खिडकीखाली, म्हातारीचा पलंग होता. पाणी कुठवर चढलं होतं ते मोजणीवालीने भिंतीला हात लावून दाखवलं. पलंग त्याच्या निम्म्यावरच संपत होता.

नर्सने मोबाइलवर नकाशा उघडला. "मॅडम, हा तुमच्याच कार्यालयाचा ना?"

"हो."

"मग खोटं कोण बोलतंय? हा की तुम्ही?"

"नकाशा."

"मग काढलात कशाला?"

म्हातारी हसून म्हणाली, "बसा हो. उजेड छान येतो इथे."

"लिहून द्या मला," नर्स म्हणाली. "आणि आईला उचलून कुठे नेऊ, तेही लिहा."

नकाशावर हरकत घ्यायला गल्लीतल्या एका तरी रहिवाशाचा खरा जबाब लागत होता. मुदत शुक्रवारी पाच वाजेपर्यंत. बुधवारी तिने अर्ज भरला, सहीची जागा तेवढी मोकळी ठेवली आणि भाऊजी कामावर असताना तो ताईच्या हातात दिला.

"माझ्या संसारात आग लावतेस तू," ताई म्हणाली. पण अर्ज परत केला नाही.

गुरुवारी दुपारी हवामान खात्याचा इशारा आला: शुक्रवारी तीन वाजता मोठी भरती, सोबत जोराचा वारा. तिने नर्सला तीनदा फोन केला. नर्स कामावर होती, फोन बंद.

संध्याकाळी सव्वासहाला ताईचा फोन आला.

"वाचला मी अर्ज."

"सही केलीस?"

"हे घरात आहेत," ताई हळू आवाजात म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

त्या वेळी भरतीला एकवीस तासही उरले नव्हते, आणि म्हातारीचा पलंग खिडकीखालीच होता.