अस्वलाच्या लोकरीची झूल

मी झूल बोलतेय. कुत्रीच्या पाठीवर घालून पोटाखाली दोन बंदांनी बांधायची साधी राखाडी झूल. हात लावाल तर म्हणाल, काय मऊ लोकर आहे! पण ती मेंढीची नाही हो. मी एका कुत्र्याच्या अंगावरची लव आहे. तो कुत्रा आता नाही. मी आहे.

त्याला सगळे अस्वल म्हणायचे. गल्लीच्या टोकाला खिडक्यांना काचा बसवून देणारे काचवाले राहतात, त्यांचा तो. बर्फात गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांच्या जातीतला. त्या जातीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे लांब आणि राठ, छपरासारखे. खालची दाट लव म्हणजे मी. छपरानं पाणी अडवायचं, मी ऊब धरून ठेवायची, अशी आमची वाटणी. घरात घेतलं की हा पठ्ठ्या जीभ बाहेर काढून धापा टाकायचा. त्याची जागा अंगणात, भिंतीशी. तिथे खळगा उकरायचा, झुपकेदार शेपटी नाकावर ओढायचा आणि खुशाल झोपायचा. पाठीवर बर्फ साचत जायचा, पण वितळायचा नाही. आतली ऊब बाहेर आली तर वितळणार ना!

संध्याकाळी काचवाले बोटांना चिकटलेली, काचा पक्क्या करायची लांबी खरवडत खिडकीशी उभे राहायचे आणि त्या पांढऱ्या ढिगाऱ्याला हाक मारायचे, "अस्वला, चल जेवायला!" ढिगारा हलायचा, उभा राहायचा, अंग झाडायचा. बायको गेल्यापासून त्या घरात तेवढी एकच हाक उरली होती.

थंडी सरली की मी त्याच्या अंगावरून पुंजक्यापुंजक्यानं गळायची. शेजारच्या वहिनी मला वेचून उशीच्या अभ्र्यात भरून ठेवायच्या. "एवढी सोन्यासारखी लोकर केरात टाकायची? तुमचा जीव तरी कसा होतो, भाऊजी?" त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी या अंगणावर उघडते, आणि तिला त्यांनी आजवर पडदा म्हणून लावलेला नाही.

मग अस्वल म्हातारा झाला आणि एक दिवस उठलाच नाही. खळगा तसाच राहिला. काचवाल्यांचं जेवण सुटलेलं पाहून त्यांच्या सासरी गेलेल्या लेकीनं दुसरं कुत्रं आणलं. शर्यतीत पळणाऱ्या जातीची कुत्री, नाव काडी. लांब पाय, मुठीत मावेल अशी कंबर, फासळ्यांवर पातळ कातडी, अंगात चरबी नावाला नाही. पोटावर तर केसच नाहीत.

"बाबा, ही वाऱ्यासारखी धावते, पण हिला गारठा सोसत नाही," लेक म्हणाली. "पाय मोकळे करायला न्यायचं आणि लगेच आत आणायचं."

"कुत्रं ते कुत्रं," बाप म्हणाला. "अस्वलाला पाहिलंस ना?"

काडी अंगणात तापल्या तव्यावर उभी असल्यासारखी एकेक पाय उचलायची. ते वहिनींनी खिडकीतून पाहिलं. त्यांनी अभ्रे उपसले आणि सूत काढायला बसल्या. एक टकळी हातात, दुसरी तोंडात! सगळ्या गल्लीच्या कुळकथा ऐकत मी कातली गेले, विणली गेले. माझं बोलणं असं का, ते आता कळलं असेल. राठ केस टोचतील म्हणून त्यांनी निवडून टाकून दिले. घोटाळा तिथेच झाला. छप्पर केरात गेलं आणि मी एकटी उरले.

मला काडीच्या पाठीवर बांधलं, तेव्हा काचवाले तिच्याशेजारी खाली बसले. माझ्यात तोंड खुपसून त्यांनी वास घेतला. "अस्वला," ते म्हणाले. त्या दिवसापासून काडीला तिच्या नावानं हाक मिळाली नाही. ती शहाणी. या नावाला ओ दिली की खाणं मिळतं, डोक्यावर हात फिरतो, एवढं ती शिकली.

आणि मी? दाराच्या फटीतून बर्फाचा वास आला की माझा तंतू न् तंतू त्या भिंतीकडे वळायचा. तिला मी ओढत होते, की माझ्या वासावरून तिलाच तो खळगा सापडला, देव जाणे.

एका दुपारी ओला, जड बर्फ पडायला लागला. काचवाल्यांनी दार उघडलं. "जा बाबा. तुझी जागा मोकळीच आहे."

काडी गेली. नेमकी त्याच खळग्यात वेटोळं करून बसली. दोरीएवढी शेपटी नाकापर्यंत न्यायला गेली, ती झाकणार काय! काचेमागे काचवाल्यांचे डोळे भरून आले. खरं सांगू, मलाही हर्ष झाला. मी माझ्या जागी परत आले होते.

तेवढ्यात पाठीवरचा बर्फ वितळला. पाणी माझ्यात मुरत गेलं. मी जड झाले, थंड झाले. माझ्याखाली ती कापत होती. मग तिचं कापणं थांबलं. मला वाटलं, हिला ऊब आली.

वहिनींची खिडकी धाडकन उघडली. "भाऊजी, आधी तिला आत घ्या!"

"झोपलाय तो, वहिनी. झोपू द्या."

"तो नाही हो, ती! पाठ बघा तिची! अस्वलाच्या पाठीवर बर्फ साचायचा. हिच्या पाठीवर पाणी होतंय. सगळी ऊब बाहेर चाललीय तिची!"

काचवाल्यांनी पाहिलं. जन्मभर लोकांच्या खिडक्यांच्या फटी बुजवलेला माणूस तो, ऊब निसटताना दिसल्यावर त्याला वेगळं काय सांगायचं? दार उघडून ते ओरडले, "अस्वला!"

ढिगारा हलला नाही.

"अहो, तो गेला! हिला हिच्या नावानं बोलवा!"

ते अनवाणीच धावले. बर्फात गुडघे टेकले. ओठ नुसतेच हलत राहिले. शेवटी आवाज फुटला. "काडे... काडे, ऊठ गं बाई."

तिचा एक कान हलला.

त्यांनी बंद तोडून मला भिरकावलं आणि तिला सदऱ्याच्या आत, छातीशी धरून घरात नेलं. मी खळग्यात पडून राहिले. वरून बर्फ येत होता. आता माझ्याखाली कोणाचं अंग नव्हतं, म्हणून तो वितळला नाही. साचत गेला. हळूहळू तिथे एक पांढरा ढिगारा झाला, त्याच्याच आकाराचा.

काडी वाचली. कानाचं टोक तेवढं काळं पडून झडलं. वहिनींनी मला वाळवलं आणि वरून जुन्या छत्रीचं कापड शिवून दिलं. मला पुन्हा छप्पर मिळालं. आता काडी मला घालून थोडं फिरते, आणि "काडे!" अशी हाक आली की लगेच घरात पळते.

तुमच्याकडे कुत्रं असेल, तर मागच्या कुत्र्याच्या अंगावरून त्याची थंडी मोजू नका, ही माझी विनंती.

आणि एक माझ्यापुरती. बर्फ पडत असताना मला खिडकीजवळच्या खुंटीवर टांगू नका. तिथून भिंत दिसते. काचवाले दाराला कडी घालतात, तरी क्षणभर तिकडे बघत उभे राहतात. त्यांच्या ओठांवर काहीतरी येतं आणि परत जातं.

ते नाव तेवढं उच्चारू नका. हाक आली, तर मी जाईन.