बांगड्यांचा हात, दर्याचा हात

खाडीच्या मासळीला रॉकेलचा वास येऊ लागला त्याला चार वर्षं झाली होती. पाण्यात कोण काय सोडतं ते सगळ्यांना ठाऊक होतं, कागदावर लिहून द्यायला मात्र कुणी तयार नव्हतं. करावे गावच्या जानू कोळ्यापुढं आता दोनच वाटा होत्या. एक, सानपाड्याच्या सोसायटीत वॉचमनची शिट्टी. दुसरी, राजवर्धनशेठची यॉट.

राजवर्धन मूळचा साताऱ्याकडचा. कळंबोलीत लोखंडाचा धंदा. पाण्याशी संबंध विहिरीत पोहण्यापुरता. शहाण्णव साली त्यानं पांढरी शिडाची बोट घेतली आणि तिच्याबरोबर एक छापील कागद आला : यॉटच्या मालकाला माहीत असलेच पाहिजेत असे चाळीस शब्द. शेठनं ते घोकले. बोट हाकणारा तांडेलही त्याला ते शब्द कळणाराच हवा होता. रविवारी चाचणी घेऊ, असं त्यानं जानूला सांगितलं.

चाळीस वर्षं खाडीत काढलेल्या माणसाची चाचणी. घ्या. होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेला, बो म्हणायचं, शिडाला सेल, शिडाच्या दोरीला तर चक्क शीट. शब्द बदलला म्हणून वारा बदलतो का? पण जानूला पाणी सोडायचं नव्हतं, गाड्यांना गेट उघडत बसायचं नव्हतं. म्हणून तो शिकला. अडतीस शब्द चार दिवसांत झाले. दोन अडले. पोर्ट आणि स्टारबोर्ड. बोटीची डावी बाजू कोणती, उजवी कोणती, धरायला जावं तर चिखलातल्या निवटी मासळीसारखं निसटायचं.

त्यावर तोड त्याच्या बायकोनं, कमळीनं काढली. कोळ्याची पोर लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देते, माझा माणूस सांभाळ म्हणून. पुढं काचेच्या बांगड्या डाव्याच हातात. सकाळी दोघं जाळं काढायला निघाली तेव्हा होडीच्या मागच्या फळीवर बसून तिनं दोन्ही हात पसरले.

"ह्यो बांगड्यांचा, पोर्ट. ह्यो दर्याला दिलेला, टारबोट. बोल आता."

या वयात मला शाळेत घातलंस, असं जानू कुरकुरला. पण वल्हं मारता मारता तो त्या हातांकडं बघत राहिला. तीस वर्षांच्या संसारात त्यानं ते इतका वेळ कधी बघितले नव्हते. कोळंबी सोलून बोटं चिरलेली, तळव्यात मिठानं भेगा. दोन्ही शब्द त्या एका फेरीत पाठ झाले.

रविवारी खाडीच्या मध्यावर राजवर्धन म्हणाला, "पोर्ट." जानूनं अजिबात न अडखळता सुकाणू फिरवलं, बोट उजवीकडं वळली आणि चिखलात रुतली. तिथं गाळ आहे हे जानू डोळे मिटून सांगू शकला असता. पण परीक्षा मालकाची होती, मालक म्हणेल तिकडं न्यायची, असं तो समजला. यावर शेठ जे बोलला त्यातला एकही शब्द कागदावर नव्हता.

ओहोटी होती. पाणी चढेपर्यंत तीन तास दोघं तिथंच. शेवटी राजवर्धननं विचारलं, एवढ्या बिनधास्त चुकलास कसा. जानूनं बांगड्यांचं सांगितलं, आणि सांगता सांगता त्याचं त्यालाच उमगलं. वल्हवणाऱ्याची पाठ नाळेकडं असते. कमळी समोर बसलेली. तिचा डावा हात त्याच्या उजवीकडं.

राजवर्धन हसला नाही. दर्याला दिलेल्या बांगड्या पुन्हा कधीच घालत नाहीत का, एवढं विचारून चिखल बघत बसला. बोट तरंगल्यावर म्हणाला, "पुढच्या रविवारी या, जानूकाका." सकाळी तो नुसता जानू म्हणत होता.

घरी कमळी डोक्याला हात लावून हसली. दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याला होडीच्या मागच्या टोकाला उभं केलं, हातात एकच वल्हं दिलं आणि स्वतः पुढं नाळेत जाऊन त्याच्याकडं पाठ करून बसली.

"आता तुजं तोंड दिसत न्हाय," जानू म्हणाला.

"तोंड बघूनच चुकलास. हात बघ."

आठवडाभर त्यानं तिचा अंबाडा आणि पसरलेले दोन हात बघितले. एका हातात वारा वाजायचा, दुसऱ्यात नाही.

रविवारी वाशीच्या पुलाखालून रेतीचा बार्ज आला, सरळ अंगावर. राजवर्धननं कागद उघडला, तो वाऱ्यावर फडफडला, आणि चाळीसातला एकही शब्द त्याच्या तोंडून फुटेना.

"काका, तो... दर्याला दिलेला हात," तो कसाबसा म्हणाला.

जानूनं सुकाणू आधीच वळवलं होतं. बार्ज बांगड्यांच्या बाजूनं निघून गेला. सोसायटीची शिट्टी दुसऱ्याच कुणाच्या तरी गळ्यात पडली.