मनोऱ्याने पाठ फिरवली

सकाळपासून चौकात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध टेहळणीचा जुना दगडी मनोरा, पायथ्याशी मांडव, मांडवात सिंहासनाचा आव आणणारी खुर्ची आणि खुर्चीत मनोरेबाबा. शेजारी भिंतीएवढा पडदा, आणि 'चौकात इतरांना फोटो काढायला मनाई' अशी पाटी. दर थोड्या वेळाने पडद्यावर कुणाचा तरी फोटो उमटायचा आणि अख्खा चौक एकतर हात जोडायचा, नाहीतर छी-थू करायचा.

"मनोरा बोलत नाही, लेकरांनो," बाबा माईकवरून सांगत होते. "मनोरा वाकतो. शुद्ध माणूस पायाशी आला की त्याच्याकडे वाकतो. पापी आला की पाठ फिरवतो. तुमच्या डोळ्यांना हे दिसायचं नाही, कारण डोळ्यांवर मायेचा पडदा आहे. यंत्राला माया नाही. यंत्र खोटं बोलत नाही."

"यंत्र नाही बोलत," गर्दीत उभी असलेली फोटोग्राफरबाई पुटपुटली. "यंत्रामागचा बोलतो."

गावोगाव हिंडून जुन्या इमारतींचे फोटो काढायचे, हाच बाईचा उभ्या जन्माचा धंदा. किल्ले, पूल, घुमट, कमानी यांच्यापुढे तिपाई लावून उभं राहता राहता केस पांढरे झाले होते. या मनोऱ्याचेही फोटो काढायला ती निघाली, तर भाचीच्या सासरचे म्हणाले, गाडीत जागा आहे तर आम्हीही येतो, पोराला जरा हवापालट होईल. बाईला बरं वाटलं. भाची म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीची एकुलती एक मुलगी, बाईच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. चौकात पोहोचल्यावर विहीणबाई, म्हणजे भाचीची सासू, तडक बाबांच्या मांडवात शिरल्या, तेव्हा बाईच्या डोक्यात प्रकाश पडला. हवापालट नव्हे, हा बेत होता.

भाचीचं बाळ काही केल्या बाळसं धरत नव्हतं. दूध प्यायचं, पण अंगी लागायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की बहुतेक आतड्याचा त्रास आहे, वेळीच तपासलं तर औषधाने बरं होईल, उशीर केला तर मात्र अवघड. उद्याच त्याला मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं. विहीणबाईंचं म्हणणं वेगळं होतं. "आमच्या घरात असली पोरं कधी झाली नाहीत. आईच्याच दुधात खोट असणार."

आणि आता भाचीची पाळी आली होती. "फोटोपुरतं दे माझ्याकडे," असं म्हणत विहीणबाईंनी बाळ काढून घेतलं. भाची मनोऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. बाबांचा चेला कॅमेऱ्यामागून म्हणाला, "ताई, तोंडावर ऊन येतंय. जरा पलीकडे व्हा. अजून थोडं. हां, तिथेच."

भाची मनोऱ्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेली. खटका वाजला.

पडद्यावर फोटो उमटला. मनोरा तिच्यापासून दूर, पार विरुद्ध दिशेला कलला होता. कुणी पाठ फिरवून निघून जावं, तसा. चौकातून आधी सुस्कारा निघाला, मग शिव्या. एक म्हातारी तर तिच्या दिशेने थुंकली.

"पोराला आईचंच पाप बाधतंय," बाबा दुःखी आवाजात म्हणाले. दुःख कसं करायचं याची त्यांना चांगली सवय दिसत होती. "हिला आमच्या मठात ठेवा. शुद्ध होईपर्यंत पोराने हिच्या दुधाला तोंड लावायचं नाही. आणि दवाखाने कसले हिंडता? सुया टोचून पाप निघतं का?"

"बाबा म्हणतील तसं," विहीणबाई म्हणाल्या. उत्तर जणू तोंडात तयारच होतं. जावई आपल्या बुटांकडे बघत राहिला. बाळ भुकेने टाहो फोडत होतं आणि त्याच्या रडण्याने भाचीची कुडती दुधाने भिजत चालली होती. तिने हात पुढे केले, तर विहीणबाई बाळाला घेऊन दोन पावलं मागे सरल्या.

बाईला शिसारी आली. आजवर तिने पडकी देवळं पाहिली होती, वटवाघळांनी घाण केलेले महाल पाहिले होते, पण इतकी किळस तिला कशाचीच वाटली नव्हती. वाघाच्या तोंडातून वासरू सोडवतात, हे ती ऐकून होती. इथे भुकेल्या लेकराला आईपासून सोडवून लोक हात जोडून उभे होते.

तिने वर पाहिलं. आभाळ काळ्या ढगांनी गच्च भरलेलं होतं. सूर्य म्हणून कुठे दिसत नव्हता. मग तोंडावर कसलं ऊन येत होतं?

मग तिने पडद्यावरची नजर काढली आणि ती कॅमेऱ्याकडे बघायला लागली. कॅमेरा तिपाईवर पक्का आवळलेला, मनोऱ्याच्या अगदी जवळ, जमिनीलगत आणि तोंड आभाळाकडे. भिंग रुंद नजरेचं, जवळून अख्खी इमारत पकडणारं. पुढच्या दोन फोटोंना तिने माणसं पाहिलीच नाहीत, फक्त मनोरा पाहिला. आणि तिला हसावं की रडावं कळेना. असे कललेले मनोरे तिने शिकाऊ वयात ढीगभर काढले होते आणि गुरूंची बोलणीही खाल्ली होती.

ती गर्दीतून वाट काढत पुढे गेली.

"बाबा, एक मागणं आहे," ती हात जोडून मोठ्याने म्हणाली. "मनोरा आम्हा पामरांकडे वाकतो, तुमच्याकडे तर लोटांगणच घालत असेल. एकदा दर्शन घडवा."

लोक खूश झाले. बाबांचा नाइलाज झाला. हसत हसत ते उठले आणि मनोऱ्याच्या उजव्या अंगाला जाऊन उभे राहिले.

"बाबा," बाई म्हणाली, "तोंडावर ऊन येतंय. जरा पलीकडे व्हा."

बाबांचं हसू जिथल्या तिथे राहिलं.

"आम्ही देहाची छबी काढू देत नाही," बाबा घाईने म्हणाले आणि खुर्चीकडे वळले.

"मग हे कोण, तुमचे जुळे भाऊ?" खुर्चीशेजारी हार घातलेली माणसाएवढी तसबीर होती, बाबांचीच. बाईने ती उचलली आणि भाची जिथे उभी राहिली होती, नेमकी तिथे नेऊन टेकवली. मग चेल्याकडे वळून म्हणाली, "तुझ्या कॅमेऱ्याला मी बोटसुद्धा लावणार नाही. दाब तूच."

चेला दाबेना. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, दाब की, बाबांचाच तर फोटो आहे." मग चौघे ओरडले, मग चाळीस. चेल्याने डोळे मिटून खटका दाबला.

पडद्यावर हार घातलेले बाबा आले. आणि मनोऱ्याने त्यांच्याकडे पाठ फिरवली होती.

लोक पडद्याजवळ सरकले. मग एक जण फिसकन हसला.

"बाबा पापी आहेत, असं मी म्हणत नाही," बाई म्हणाली, "म्हणजे आहेत, पण ते मनोऱ्याला कळलेलं नाही. नीट बघा. मनोरा दर फोटोत एकाच बाजूला कललाय, फोटोच्या मध्याकडे. कॅमेरा जवळून वर आभाळाकडे रोखला की कुठलीही उभी भिंत मध्याकडे कललेली दिसते. मनोरा फोटोच्या डाव्या भागात धरलाय. माणूस उजवीकडे, म्हणजे मध्यात उभा केला की मनोरा त्याच्याकडे वाकलेला दिसतो. डावीकडे, कडेला उभा केला की पाठ फिरवलेला दिसतो. मनोरा हलत नाही. हा तुम्हाला हलवतो, ऊन येतंय म्हणून. खोटं वाटत असेल तर खिशातले फोन काढा आणि हव्या त्या इमारतीजवळ जाऊन बघा."

फोटो काढायला मनाई असलेल्या त्या चौकात शेकडो फोन वर झाले. समोरचं टपाल कार्यालय वाकलं, कडेचा दिव्याचा खांब वाकला. एका पोरीने आपल्या आजोबांना खांबाच्या अलीकडे-पलीकडे उभं करून एकदा पुण्यवान केलं, एकदा पापी. लोक हसायला लागले.

एक शिंपी मात्र हसत नव्हता. मागे कधीतरी मनोऱ्याने ज्यांच्याकडे पाठ फिरवली, त्यांच्यापैकी तो एक. तेव्हापासून घरात त्याचं ताट वेगळं होतं. त्याने चेल्याचा दंड धरला. "मला एवढंच सांग. कुणाला कुठे उभं करायचं, हे तुला कोण सांगायचं? माझं नावसुद्धा तुला ठाऊक नव्हतं."

बाबा एव्हाना मांडवाच्या मागच्या वाटेने पसार झाले होते. चेला रडकुंडीला आला. "मला काय माहीत कोण पापी? घरचीच माणसं आधी येऊन सांगून जातात. तुमचा थोरला भाऊ आला होता. आज सकाळी या आजी आल्या होत्या." त्याने बोट दाखवलं. "सून नको झालीय, म्हणाल्या. नातू तेवढा हवाय."

हसू विझलं. ज्यांच्याकडे मनोऱ्याने कधी पाठ फिरवली होती, ती माणसं एकेक करून आपल्या शेजारी उभ्या असलेल्या घरच्यांकडे बघायला लागली. कुणी नवऱ्याकडे, कुणी दिराकडे, एक म्हातारा आपल्या दोन्ही मुलांकडे. बघवत नव्हतं. बाबा तर काय, परका चोर. घराची कडी आतून काढून देणारे घरचेच निघाले.

भाची सासूसमोर जाऊन उभी राहिली. "द्या," ती म्हणाली. विहीणबाईंनी मान वर न करता बाळ दिलं. भाची मनोऱ्याच्या पायरीवर बसली, पदर नव्हता म्हणून मावशीने आपली ओढणी आड धरली, आणि बाळ अधाशासारखं लुचू लागलं. जावई जवळ येऊन काहीतरी बोलू लागला, तर ती म्हणाली, "तू आईला घेऊन बसने जा. मी आणि मावशी पोराला घेऊन दवाखान्यात जातोय, आजच."

वाचकहो, फोटोत इमारत का वाकते, हे एकदा कळलं की कायमचं कळतं. ते अवघड नाही, कुणीही पाच मिनिटांत पडताळून बघू शकतो. तेव्हा पडताळून बघा, आजारी लेकरू आधी डॉक्टरकडे न्या, आणि कुणी बाबा तुमच्या बायकोचं, सुनेचं, भावाचं पाप दाखवायला लागला, तर नमस्कार करण्याआधी त्याला एवढं विचारा, की आमच्या घरातून तुझ्याकडे कोण येऊन गेलं?