अर्धा तांब्या पाणी

"आवं, तो तांब्या न्या तिकडं," बायनाबाई भिंतीकडे तोंड फिरवून म्हणाली. दोन दिवस घसा कोरडा, आणि पाणी समोर आलं की नरडं आवळायचं. धोंडीरामने तांब्या कॉटखाली सरकवला. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ते पाहिलं आणि त्याला व्हरांड्यात नेलं.

"मामा, यांना कुत्रं कधी चावलं होतं?"

"चावलं कुठं, जरा दात लागलता. दोन म्हैने झाले."

"जखम धुतली होती?"

धोंडीरामला तो दिवस आठवला.

तीस वर्षं गावच्या दूध सोसायटीत दुधाची फॅट मोजणारा आणि कॅन धुणारा माणूस. दुधात पाणी घालणाऱ्याला तोंडावर बोलणार, मग तो चेअरमन असो की सख्खा मेव्हणा. आपल्या हातचा एक कॅन कधी नासला नाही, हा त्याचा भारी तोरा. त्या उन्हाळ्यात गावाला आठ दिवसांनी टँकर यायचा, पण सोसायटीच्या कॅनना अर्धं पिंप कढत पाणी आणि सोडा रोज लागायचाच. बायनाबाई भाकरी घेऊन सोसायटीत आली, तेव्हा दारातल्या कुत्र्याच्या पिल्लानं तिच्या पोटरीला तोंड घातलं.

"पाय धुवाया पानी द्या की जरा."

"सोसायटीचं पानी हाय ते, बायने. आठ कॅन ऱ्हायलेत अजून. जखमंवर तिखट दाब, काय व्हत न्हाई."

तरी तिचं तोंड बघून त्याने अर्धा तांब्या ओतला. तेवढ्यानंच तिने पाय ओला केला. नवरा सोसायटीच्या थेंबाला हात लावत नाही, हे ती चारचौघींत मोठ्या ठसक्यात सांगायची. घरी जाऊन तिने तिखट दाबलं. सुईचं नाव कुणी काढलं नाही. पिल्लू आठवड्यात दिसेनासं झालं, त्याचीही चौकशी कुणी केली नाही.

"डॉक्टरीणबाई, खरं सांगा. धुतलं असतं तर काय झालं असतं?"

त्यांना सांगायचं नव्हतं. पण हा माणूस जागचा हलेना.

"मामा, या रेबीजच्या विषाणूला चरबीचं पातळ आवरण असतं. आपल्या पेशींनाही तसंच असतं. तो पेशीला चिकटतो, पेशी त्याला आत ओढते, मग दोन्ही आवरणं एकमेकांत मिसळतात आणि त्याच्या पोटातलं पेशीत मोकळं होतं. तिथं तो वाढतो, मग मज्जातंतूंच्या वाटेनं एका पेशीतून दुसरीत, असं करत मेंदू गाठतो."

"दुधावरचे लोन्याचे दोन थेंब एक व्हतेत, तसं?"

"तसंच. साबणानं ते आवरण फुटतं. पंधरा मिनिटं साबण लावून भरपूर पाण्यानं धुतलं, की बराचसा तिथंच मरतो. वर लगेच सुया घेतल्या, तर माणूस वाचतो."

"आन आता?"

"आता उपाय नाही, मामा."

साबण-सोड्यानं चिकटा सुटतो, हे धोंडीरामला कुणी शिकवायला नको होतं. जन्मभर त्याने दुसरं काय केलं होतं? कॅनला अर्धं पिंप आणि बायकोला अर्धा तांब्या. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं त्याला वाटलं.

संध्याकाळी बायनाबाई जरा शुद्धीवर होती.

"सोसायटीत कॅन कोन धुतंय?"

"उत्तरेश्वर. माझ्या जागी बसवलाय."

"त्याला सांगा, झाकनाच्या कडंला लोनी ऱ्हातं. तुमचं नाव जाईल."

धोंडीरामला रडू आवरेना. आपण काय केलं ते तिला सांगावं, असं त्याच्या ओठावर आलं होतं. सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

गावात आणली तेव्हा अंघोळ घालायला पाणी लागणार, हे कुणाला सांगावं लागलं नाही. टँकर येऊन सहा दिवस झाले होते, तरी घराघरांतून घागर आली. शेजारच्या मंजुळाबाईनं तर पिण्याच्या पाण्याची आणली. उत्तरेश्वरनं सोसायटीचं अर्धं पिंप ढकलत अंगणात आणलं. धोंडीराम त्या पाण्याकडे बघतच राहिला.

बाया अंघोळ घालून उठल्या, तसा तो पुढं झाला. "पाय मी धुतो." दवाखान्यातून दिलेले रबरी हातमोजे त्याने चढवले, साबणाची नवी वडी फोडली आणि पोटरीवरचा तो पिटुकला वण चोळू लागला. पाणी ओतायचा, पुन्हा साबण लावायचा. पाणी अंगणातून रस्त्यावर गेलं. माणसं उन्हात ताटकळली.

"काका, झालं की आता," उत्तरेश्वर हळूच म्हणाला. "लई येळ झाला."

धोंडीरामने मनगट वळवून घड्याळ बघितलं.

"सहा मिनटं ऱ्हायलीत अजून," तो म्हणाला. "वत पानी."

उत्तरेश्वरनं पिंपात तांब्या बुडवला.